संकेतभाषेतील विनोद : एका भाषाशास्त्रीय संशोधनाचा परामर्श

१

आपल्या प्रहसनांत, लोककथांत आणि घरोघरच्या चुटक्यांत बहिरा मनुष्य बहुधा एकाच कामासाठी येतो. त्यास एक विचारावे, त्याने भलतेच समजावे आणि उत्तर तिसऱ्याच गोष्टीचे द्यावे. मग ऐकणाऱ्यांनी हसावे. या विनोदाचे कूळ जुने आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाचे जे विभाव सांगितले आहेत त्यांत विकृत वेष आणि असंबद्ध बोलणे यांच्याबरोबर 'व्यंगदर्शन' हाही एक आहे. म्हणजे दुसऱ्याच्या शरीरातील उणे दृष्टीस पडणे हे हसण्याचे एक मान्य कारण होते. एकनाथांनी भारुडांतून बहिरा आणि मुका यांची सोंगे आणली ती निराळ्या हेतूने. तेथे बहिरेपण हे परमार्थाकडे कान न देणाऱ्या जीवाचे रूपक आहे, आणि हसू आले तरी श्रोत्याने ते स्वतःलाच हसावयाचे आहे. परंतु दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान राहते. बहिरा हा विनोदाचा विषय असतो किंवा रूपकाचे साधन असतो. विनोद करणारा मात्र तो नसतो.

बधिर माणसे आपापसांत कशास हसतात आणि ते हसू कोणत्या भाषेत उत्पन्न होते, हा प्रश्न शास्त्रीय चर्चेत फार उशिरा आला. त्याचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत दोन विदुषींचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. एक रेचेल सटन-स्पेन्स. ब्रिटिश संकेतभाषेचे व्याकरण आणि त्या भाषेतील काव्य हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. दुसऱ्या डॉना जो नापोली; अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्वार्थमोर कॉलेजात भाषाशास्त्राच्या प्राध्यापिका. या दोघींचा 'संकेतभाषांतील विनोद : भाषिक अधिष्ठान' अशा अर्थाच्या शीर्षकाचा इंग्रजी प्रबंध २००९ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील बधिर-अध्ययन केंद्राने प्रसिद्ध केला. पुढे २०१२ साली विनोदाच्या अभ्यासास वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात 'बधिरांचे विनोद आणि संकेतभाषेतील विनोद' या आशयाचा त्यांचा लेख आला. या संशोधनाचे मर्म काय, आणि ते आपल्याकडील साहित्यविचाराच्या कसोटीवर कितपत उतरते, याचा परामर्श घेणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. बधिर समाज हातांनी, चेहऱ्याने आणि अंगाच्या हालचालींनी जी भाषा बोलतो तीस येथे 'संकेतभाषा' म्हटले आहे, आणि तिच्यातील शब्दास 'खूण' म्हटले आहे.

२

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. संकेतभाषा ही भाषा होय की नुसते हातवारे, असा वाद दीर्घकाळ चालू होता. १८८० साली मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची जी परिषद भरली तिने मौखिक पद्धतीच्या बाजूने कौल दिला. परिणामी युरोप-अमेरिकेतील अनेक शाळांच्या वर्गांतून संकेतभाषा हद्दपार झाली. मुलांनी ओठ वाचावे आणि घशातून उच्चार काढावे, हातांनी बोलू नये, असा दंडक पडला. या निर्णयामागे एक गृहीत होते : खुणा म्हणजे अनुकरण, त्यांत विचार मावत नाही.

हे गृहीत खोटे असल्याचे शास्त्रीय प्रमाण प्रथम विल्यम स्टोकी यांनी दिले. वॉशिंग्टन येथील गॅलोडेट या बधिरांच्या महाविद्यालयात ते इंग्रजीचे अध्यापक होते. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात त्यांनी असे दाखवून दिले की अमेरिकन संकेतभाषेतील खूण हे अखंड चित्र नसून घटकांनी बनलेली रचना आहे. हाताची आकृती, खूण करण्याचे स्थान आणि हाताची गती हे ते तीन घटक. तळव्याचा रोख हा चौथा घटक पुढच्या अभ्यासकांनी मानला. मराठीत 'कर' आणि 'घर' या शब्दांत एका वर्णाचा फरक आहे आणि त्या फरकाने अर्थ पालटतो. तद्वत् संकेतभाषेत स्थान व गती तीच ठेवून केवळ हाताची आकृती बदलली की खूण दुसरी होते. १९६५ साली स्टोकी यांनी डॉरथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनेबर्ग या दोन बधिर सहकाऱ्यांच्या साहाय्याने अमेरिकन संकेतभाषेचा कोश या घटकांच्या क्रमाने रचला.

विनोदाकडे लक्ष गेले ते यानंतर. एडवर्ड क्लायमा आणि उर्सुला बेलूजी यांच्या १९७९ सालच्या ग्रंथात खुणांवरील कोट्यांना स्वतंत्र स्थान मिळाले. त्यांतील एक उदाहरण पुढील विवेचनास उपयोगी पडेल. अमेरिकन संकेतभाषेत 'समजणे' ही खूण अशी : मूठ कपाळाजवळ धरावयाची आणि तर्जनी झटकन वर उभी करावयाची. एखाद्यास 'समजले का?' म्हणून विचारले आणि त्याने तर्जनीऐवजी करंगळी उभी केली, तर 'समजले, पण एवढेसेच' असा अर्थ निघून पाहणारे हसतात. या खुणेत तर्जनी ही केवळ एक वर्णावयव आहे. तिच्या लांबीरुंदीस अर्थ नाही. विनोद करणारा मात्र तीस अर्थ आहे असे क्षणभर मानतो आणि सर्वांत लहान बोट पुढे करतो. 'संसार' या शब्दातच 'सार' आहे, तेव्हा संसार निःसार कसा, असे विचारणारा कीर्तनकार जी करामत करतो तीच ही. शब्दाचा जो तुकडा निरर्थक आहे त्यावर अर्थ लादावयाचा, आणि तो लादलेला आहे हे श्रोत्यासही ठाऊक असावयाचे. ज्या समाजास आपल्या शब्दाचे घटक मनोमन ठाऊक नाहीत त्यास ही गंमत सुचणार नाही आणि उमगणारही नाही.

३

सटन-स्पेन्स व नापोली यांच्या लेखाच्या शीर्षकात दोन पदे आहेत, आणि त्यांतील भेद हाच त्यांच्या संशोधनाचा पहिला लाभ होय. 'बधिरांचे विनोद' हे विषयावरून ठरतात. 'संकेतभाषेतील विनोद' हे माध्यमावरून. हा भेद उदाहरणांनी स्पष्ट करता येतो.

अमेरिकेतील बधिर समाजात पिढ्यान्पिढ्या चालत आलेला एक किस्सा असा आहे. एक बधिर जोडपे प्रवासात रात्री एका मोटेलमध्ये उतरते. नवरा काही आणावयास गाडी घेऊन बाहेर जातो आणि परत येतो तो आपली खोली कोणती हेच विसरतो. सर्वत्र अंधार. तो थोडा विचार करतो आणि गाडीचा भोंगा जोराने वाजवू लागतो. एकामागून एक सगळ्या खोल्यांतले दिवे लागतात. एकच खोली अंधारात राहते, आणि तो निश्चिंतपणे त्या खोलीकडे चालू लागतो.

दुसरा किस्सा रेल्वेच्या फाटकाचा. हा सुसन रदरफर्ड यांनी १९८३ साली अमेरिकन लोकसाहित्याच्या एका नियतकालिकात लिहिलेल्या लेखामुळे अभ्यासकांस परिचित झाला. एक बधिर गृहस्थ गाडी चालवीत फाटकापाशी येतो. आगगाडी केव्हाच निघून गेली आहे, तरी फाटक बंदच. बराच वेळ वाट पाहून तो फाटकवाल्याकडे जातो आणि कागदावर इंग्रजीत दोन शब्द लिहून देतो : 'प्लीज बट'. फाटकवाला गोंधळून पाहत राहतो. किस्सा येथेच संपतो, आणि संकेतभाषा जाणणारे हसू लागतात. अमेरिकन संकेतभाषेत 'परंतु' या अर्थाची खूण दोन्ही तर्जन्या एकमेकींवर आडव्या धरून त्या झटकन दूर करण्याची आहे. ती हुबेहूब फाटकाचे दोन दांडे वर उचलल्यासारखी दिसते. गृहस्थास म्हणावयाचे होते, 'कृपा करून फाटक उघडा'. त्याने त्या हालचालीचा इंग्रजी प्रतिशब्द म्हणून 'परंतु' लिहिला.

या दोन किश्श्यांतील भेद सांगण्यास आपल्या अलंकारशास्त्रात एक नेमकी कसोटी तयार आहे. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या नवव्या उल्लासात शब्दालंकार आणि अर्थालंकार यांची विभागणी अन्वय-व्यतिरेकाने केली आहे. मूळ शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा शब्द घातला असता अलंकार टिकला तर तो अर्थाचा. नाहीसा झाला तर तो शब्दाचा. शब्दश्लेष आणि अर्थश्लेष यांचा वाद याच कसोटीने सोडविला जातो. 'नगरपालिकेपुढे आम्ही कर जोडले. तिने त्यांना आणखी एक कर जोडला' या वाक्यात 'कर' काढून 'हात' घालून पाहावे, म्हणजे कसोटीचा प्रत्यय येईल.

आता हीच कसोटी वरील किश्श्यांस लावावी. मोटेलची गोष्ट आम्ही मराठीत सांगितली आणि तिचे काही बिघडले नाही. शब्द बदलले, भाषा बदलली, एवढेच काय, हातांची भाषा जाऊन लेखी भाषा आली, तरी विनोद शाबूत राहिला. तो परिवृत्तिसह आहे. म्हणजेच तो अर्थाचा विनोद आहे. फाटकाच्या गोष्टीत मात्र 'परंतु' या खुणेच्या जागी दुसरी खूण ठेवली की सगळे कोसळते. किंबहुना ती सांगताना आम्हास टीप जोडावी लागली, आणि टीप जोडली की कोटी मरते हा सर्व भाषांतरकारांचा अनुभव आहे. हा शब्दाचा विनोद होय. त्यातही तो द्विभाषिक आहे : लिहिलेला शब्द इंग्रजीचा, त्याखाली दडलेली आकृती संकेतभाषेची, आणि श्लेष या दोहोंच्या सांध्यावर. मम्मटाच्या डोळ्यांपुढे असा श्लेष असण्याचा संभव नव्हता. तरी त्याची कसोटी येथे अचूक चालते, कारण ती ध्वनीवर अवलंबून नाही. रूप आणि अर्थ यांच्या संबंधावर अवलंबून आहे.

तिसरे उदाहरण या दृष्टीने अधिकच बोलके आहे. एक अवाढव्य राक्षस गावात येतो. लोक पळतात. तो एका सुंदर तरुणीस उचलून तळहातावर घेतो, तिच्या रूपावर लुब्ध होतो आणि प्रेमाने खुणेने सांगतो, 'मला तुझ्याशी लग्न करावयाचे आहे.' अमेरिकन संकेतभाषेत लग्नाची खूण एक तळवा दुसऱ्यात घट्ट मिळविण्याची आहे. पुढे काय झाले असेल ते सांगावयास नको. आपल्या 'पाणिग्रहण' शब्दाशी या खुणेची कल्पना इतकी जुळते की मराठी वाचकास विनोद अर्धा आपलाच वाटेल. परंतु ज्या संकेतभाषेत लग्नाची खूण बोटात अंगठी घालण्याची असेल तेथे ती तरुणी सुखरूप राहील आणि विनोद मरेल. बोलल्या जाणाऱ्या भाषेत उच्चाराने जिभेखेरीज दुसरे काही हलत नाही. येथे उच्चारच कृती होतो, आणि ज्या हाताने बोलावयाचे त्याच हातावर कथेतील पात्र बसलेले असते. वाणीच्या भाषेस हा प्रकार साधणे जवळजवळ अशक्य आहे. विनोदाचे सामान्य तत्त्व, म्हणजे विसंगतीचे आकलन, सर्व भाषांत एकच. परंतु ती विसंगती घडविण्याची साधने माध्यमागणिक निराळी, हा या संशोधनाचा गाभा आम्ही समजतो, आणि या उदाहरणाने तो पुरेसा सिद्ध होतो.

४

येथवर मार्ग सरळ आहे. अडचण येते ती पुढच्या प्रकारात. संकेतभाषेतील विनोदाचा फार मोठा भाग कोट्यांचा नसून सादरीकरणाचा आहे. एखाद्या माणसाच्या चेहऱ्याची ठेवण अतिशयोक्तीने वठविणे, त्याच्या चालण्याबोलण्याची नक्कल करणे, प्राण्याचे किंवा निर्जीव वस्तूचे सोंग घेणे, हे सर्व त्यात येते. सटन-स्पेन्स व नापोली यांनी २०१० साली संकेतभाषांतील मानवीकरणावर स्वतंत्र लेख लिहिला आहे, आणि विनोदाच्या चर्चेतही हा विषय महत्त्वाचा आहे. हे सर्व भाषा म्हणावयाचे की अभिनय?

भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार केले. संकेतभाषा प्रथमच पाहणारा मराठी रसिक तिची गणना बेधडक आंगिकात करील. नाट्यशास्त्रातील चोवीस असंयुत आणि तेरा संयुत हस्त त्यास आठवतील. ही गणना चुकीची आहे. रंगभूमीवरील हस्तमुद्रा गीताच्या किंवा संवादाच्या सोबतीने येते आणि शब्दाच्या अर्थास उठाव देते. संकेतभाषेतील खूण दुसऱ्या कोणत्या शब्दाची सोबत करीत नाही. ती स्वतःच शब्द आहे. म्हणून बधिरांच्या भाषेत हात हे वाचिकाचे स्थान होय. परंतु त्याच हातांनी, त्याच चेहऱ्याने, त्याच क्षणी आंगिक अभिनयही चालू असतो. बोलणाऱ्या नटाच्या बाबतीत जीभ आणि हात ही दोन निराळी इंद्रिये असल्यामुळे वाचिक-आंगिकाची सीमा आपोआप आखली जाते. संकेतभाषेत ती सीमा एकाच हाताच्या आत पडते.

उदाहरणार्थ, बोलणारा कुत्रा कल्पावा. सांगणारा कुत्र्याचा लोंबता चेहरा आणि आशाळभूत नजर घेतो. हा निःसंशय आंगिक अभिनय. परंतु तो कुत्रा जेव्हा संकेतभाषेत बोलू लागतो तेव्हा त्यास बोटे सुटी करता येत नाहीत. पंजा आहे तसा मिटलेला ठेवूनच खूण करावी लागते. हाताची आकृती नष्ट होते. स्थान आणि गती एवढेच उरते. पाहणारा त्या उरलेल्या दोन घटकांवरून खूण ओळखतो, आणि ओळखताना हसतो. दात पडलेल्या म्हाताऱ्याचे बोलणे नट वठवितो तेव्हा दंत्य वर्ण बिघडतात आणि तरीही शब्द कळतो, तसेच हे आहे. येथील हसू वर्णव्यवस्थेच्या जाणिवेतून आले आहे. ते वाचिक आहे.

या ठिकाणी ग्रंथकर्त्रींशी आमचा मतभेद आहे. प्रबंधाच्या नावातच विनोदाचे अधिष्ठान भाषिक असल्याचे अभिप्रेत आहे. त्यामुळे व्यंगचित्रासारखी चेहऱ्याची नक्कल, वस्तूचे सोंग आणि खुणेवरील कोटी हे सर्व एकाच छत्राखाली येते, आणि सर्वच सारख्या अर्थाने 'भाषिक' आहे असा वाचकाचा ग्रह होण्याचा संभव राहतो. संकेतभाषेत कथनकर्त्याने पात्राची भूमिका घेणे हे व्याकरणाचाच भाग आहे, असे भाषाशास्त्रज्ञ म्हणतात आणि ते साधार आहे. खांदे आणि नजर वळवून 'आता अमुक बोलत आहे' हे दर्शविण्याचे नियम आहेत. तथापि भूमिका घेण्याचे नियम असणे निराळे आणि घेतलेली भूमिका विनोदी वठणे निराळे. मराठी नटाने 'तो म्हणाला' असे म्हणून पुढे कोणाची नक्कल केली, तर 'तो म्हणाला' हे व्याकरण आहे; नक्कल ही कला आहे.

हा भेद करण्यासही परिवृत्तीची कसोटीच उपयोगी पडेल असे आम्हास वाटते. सोंग तेच ठेवून खूण बदलावी. हसू तेवढेच राहिले तर ते आंगिकाचे. गेले तर वाचिकाचे. निम्मे राहिले तर दोहोंच्या मिश्रणाचे. हा तिसरा वर्ग सर्वांत मोठा निघेल, आणि अभ्यासास तोच सर्वांत फलदायी ठरेल, असा आमचा तर्क आहे.

५

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की या भेदावर एका समाजाची प्रतिष्ठा अवलंबून आहे. बधिरांच्या विनोदास 'काय सुंदर नक्कल करतात' एवढीच दाद देणारा रसिक नकळत मिलानचे गृहीत मान्य करीत असतो : यांच्यापाशी अनुकरण आहे, भाषा नाही. उलट खूण बदलताच जो विनोद मरतो, तो बधिरांच्या हातांत शब्द असल्याचा पुरावा असतो. भाषा नसलेल्या माणसास कोटी करता येत नाही. या अर्थाने फाटकाचा तो किस्सा भाषेच्या अस्तित्वाचे प्रमाण म्हणून व्याकरणाच्या कोणत्याही नियमाइतकाच भक्कम आहे.

आशयाच्या अंगानेही तो किस्सा पुन्हा वाचण्याजोगा आहे. वरवर पाहता हसण्याचे कारण त्या गृहस्थाचे मोडके इंग्रजी. ऐकणारा माणूस हीच गोष्ट सांगता तर व्यंगदर्शनाचा आणखी एक नमुना झाला असता. परंतु बधिर श्रोत्यांपुढे त्याचा तोल उलटा पडतो. कागदावरील ते दोन शब्द संकेतभाषेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत. त्या सभेत केवळ फाटकवाल्यासच काही कळलेले नाही. मोटेलच्या गोष्टीतही असेच होते. बहिरेपण तेथे अडचण म्हणून येत नाही, युक्ती म्हणून येते. झोपमोड होते ती ऐकणाऱ्यांची. लाकूडतोड्याचा आणखी एक किस्सा प्रसिद्ध आहे. झाड तोडले, इशाऱ्याची आरोळी ठोकली, तरी झाड पडेना. वृक्षांच्या वैद्यास बोलाविले. त्याने तपासून निदान केले की झाड बहिरे आहे. मग लाकूडतोड्याने तीच आरोळी बोटांच्या लिपीत अक्षर-अक्षर करून दाखविली, आणि झाड कोसळले. या गोष्टीत बहिऱ्या झाडावर उपचार कोणी करीत नाही. लाकूडतोड्याच आपली भाषा बदलतो.

विनोद हा श्रेष्ठत्वाच्या भावनेतून उपजतो असे एक जुने मत आहे. बधिरांचे हे विनोद म्हणजे ऐकणाऱ्यांवर उगविलेला सूड होय असे त्यावरून कोणी म्हणेल. आमच्या मते हे वर्णन अपुरे आहे. या किश्श्यांतील ऐकणारा मनुष्य दुष्ट नसतो, हास्यास्पदही फारसा नसतो. तो फक्त अनभिज्ञ असतो. अमेरिकेत दहा बधिर मुलांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईबापांपोटी जन्मतात. त्यांस भाषा घरी मिळत नाही. शाळेच्या वसतिगृहात, सोबत्यांकडून, बधिरांच्या मंडळांतून मिळते. विनोदही त्याच वाटेने, हातोहात, पुढच्या पिढीकडे जातो. वर्गात खुणांना बंदी होती त्या काळात हा व्यवहार वर्गाबाहेर चालू राहिला. अशा समाजात किस्सा सांगणे म्हणजे नवागतास 'आता तू आमच्यापैकी आहेस' असे सांगणे असते. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत. या हास्यास समूहस्थ म्हणावे लागेल.

६

या संशोधनाच्या मर्यादा सांगणे हेही परीक्षकाचे कर्तव्य आहे. पहिली मर्यादा छापील पानाची. हातांनी सांगितलेला विनोद कागदावर इंग्रजी शब्दांच्या आणि वर्णनाच्या रूपाने येतो, तेव्हा त्यातील नेमका शब्दाचा अंश गळून पडतो आणि अर्थाचा अंश उरतो. परिणामी वाचकास मोटेलची गोष्ट अधिक चांगली वाटते आणि फाटकाची कमी. हा निकाल विनोदाचा नसून कागदाचा आहे. दोघी लेखिका स्वतः ऐकणाऱ्या समाजातील आहेत, ही गोष्टही वाचकाने ध्यानात ठेवावी. त्यामुळे त्यांच्या अभ्यासाचे मोल कमी होत नाही. परंतु कोणते हसू दखलपात्र, याचा अंतिम निवाडा त्या भाषेतच वाढलेल्या रसिकांनी करावा हे उचित.

दुसरी मर्यादा क्षेत्राची. शीर्षकात 'संकेतभाषा' असे अनेकवचन असले तरी आधार मुख्यतः ब्रिटिश आणि अमेरिकन या दोन भाषांचा आहे. या दोन्ही समाजांस शाळा, मंडळे आणि चित्रफिती यांची दीर्घ परंपरा लाभलेली आहे. अमेरिकेतील बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने जॉर्ज वेडिट्झ यांचे संकेतभाषेच्या रक्षणासंबंधीचे भाषण १९१३ सालीच चित्रपटावर घेतले होते. अशी सामग्री जेथे नाही तेथील विनोद याच वळणाचा असेल काय, हे तपासावयास हवे.

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत येतो. १९७० नंतरच्या दशकात मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, कलकत्ता, बंगलोर यांच्याबरोबर मुंबईच्या बधिर समाजातील खुणांचाही अभ्यास केला. त्या परस्परसंबद्ध असून युरोप-अमेरिकेतील संकेतभाषांहून निराळ्या आहेत असे त्यांस आढळले. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. २०१५ साली दिल्ली येथे भारतीय संकेतभाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राच्या कोशाची पहिली आवृत्ती २०१८ साली ३,००० शब्दांची निघाली, आणि २०२१ साली ती संख्या १०,००० वर गेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय संकेतभाषेच्या प्रमाणीकरणाचा पुरस्कार केला आहे.

प्रमाणीकरणाचे लाभ उघड आहेत. तथापि कोटीचा प्राण खुणेच्या विशिष्ट रूपात असतो हे वर सिद्ध झाले असेल, तर प्रमाण खूण येताच स्थानिक खुणेवर उभा असलेला विनोद नाहीसा होणार, हेही ओघानेच सिद्ध होते. मुंबईच्या जुन्या बधिर मंडळींच्या हातांत आज जे किस्से असतील ते त्यांच्या खुणांबरोबरच जातील. म्हणून कोशाच्या कामाबरोबर किश्श्यांचे संकलनही हाती घेणे अगत्याचे आहे, आणि भाषाशास्त्र व लोकसाहित्य शिकविणाऱ्या विद्यापीठीय विभागांनी त्यात वाटा उचलावा अशी आमची सूचना आहे.

या संकलनाची रीतही वरील चर्चेतून निघते. किस्सा सांगणाऱ्याच्या संमतीने तो चित्रफितीवर घ्यावा. मग त्यासच विनंती करावी की मुख्य खुणेच्या जागी त्याच अर्थाची दुसरी खूण घालून तो पुन्हा सांगावा. समोर बसलेल्या त्याच्या मित्रमंडळींस हसू येते की नाही एवढेच संशोधकाने टिपावे, आणि संशोधकास स्वतःस हसू आले किंवा न आले, तरी ती नोंद निराळ्या रकान्यात करावी.